थर्मिट वेल्डिंगने रूळ कसे सांधतात: सव्वा तासाच्या ब्लॉकमधलं काम, पायरीपायरीने

मे महिन्यात दुपारी अजनी ते बुटीबोरीच्या दरम्यान रुळाच्या सावलीतल्या बाजूला चुंबकाचं थर्मामीटर चिकटवलं, तर काटा साठीच्या घरात जाऊन थांबतो. त्याच रुळाला डिसेंबरात पहाटे हात लावला, तर हात लगेच काढून घ्यावासा वाटतो. रूळ उन्हात वाढू बघतो आणि थंडीत आखडू बघतो; पण आताचे रूळ लांबच लांब सलग जोडलेले असल्यामुळे त्याला ना वाढता येत, ना आखडता. मग ते सगळं बळ त्याच्या अंगात ताण होऊन बसतं. 60 किलोच्या रुळात (म्हणजे एका मीटरचं वजन सुमारे 60 किलो) तापमान एका अंशाने बदललं की साधारण 1.9 टन बळ तयार होतं. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बांधला, त्याच्या 30 अंश खाली पारा गेला, की जवळपास 57 टनांची ओढ. ही ओढ रुळाच्या पोलादाला झेपते. प्रश्न असतो तो जोडाचा.

रुळांच्या देखभालीत माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी नागपूरच्या आसपास. थर्मिटचा जोड म्हटलं की लोकांना त्यातला जाळ आठवतो. मोबाईलवर व्हिडिओही त्या जाळाचेच फिरतात. जाळ वीस-बावीस सेकंदांचा असतो. त्याच्या आधीचा पाऊण तास आणि नंतरचा अर्धा तास यांत जे होतं, त्यावर तो जोड डिसेंबरात टिकणार की नाही हे ठरतं. नवीन ट्रॅकमन, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेली मुलं आणि ज्यांना हे काम समजून घ्यायचं आहे अशा सगळ्यांसाठी ते मी इथे लिहितो आहे. हे घरी किंवा वर्कशॉपात करून बघायचं काम नाही. आपल्याकडे रुळावर थर्मिट करायला वेल्डरकडे सक्षमता प्रमाणपत्र लागतं. लखनौच्या थर्मिट पोर्शन प्लांटमध्ये त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा असते. प्रमाणपत्राची मुदत संपलेल्या माणसाने जोडाला हात लावायचा नाही, तो कितीही जुना आणि हुशार असला तरी.

मुळात वेल्ड कशाला

जुन्या पद्धतीत दोन रुळांच्या टोकांना बाहेरून-आतून फिशप्लेट (जोडपट्ट्या) लावून बोल्ट कसायचे आणि मध्ये फट ठेवायची. गाडीचा तो ओळखीचा खडखडाट त्या फटीतून यायचा. ऐकायला छान, पण प्रत्येक चाक तिथे हातोड्यासारखं आदळतं. रुळाचं टोक चेपतं, बोल्टच्या भोकातून तडा जातो, खालची खडी पिठूळ होते आणि गँगचा (ट्रॅकमनच्या टोळीचा) अर्धा दिवस खाली बसलेले जोड उचलण्यात जातो.

म्हणून रूळ वेल्ड करतात. कारखान्यात हे काम फ्लॅश बट पद्धतीने होतं, म्हणजे वीज आणि दाब वापरून, बाहेरचा धातू न ओतता. भिलाईहून 260 मीटरचे पॅनेल असे जोडूनच येतात. पण ते पॅनेल जागेवर एकमेकांना जोडायचे, तडा गेलेला तुकडा बदलायचा किंवा पॉइंटजवळचा (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर जाते तिथला) जोड करायचा, तर तिथे बहुतेक वेळा थर्मिटच लागतं. वीज नको, मोठं यंत्र नको, पाच-सहा माणसं सगळं सामान ट्रॉलीवर घालून नेऊ शकतात.

ओळखायला सोपं आहे. अजनीच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना रुळाच्या पोटाकडे, म्हणजे मधल्या उभ्या भागाकडे बघा. जिथे रुळाला गळपट्टा घातल्यासारखी जाड कड फिरलेली दिसेल आणि शेजारी आकडे असतील, तो थर्मिटचा जोड. नागपूर स्टेशनच्या उत्तरेचं डायमंड क्रॉसिंग बघायला लोक मुद्दाम जातात. मला मात्र असा एखादा नीट घासलेला जोड दिसला की तिथेच थांबावंसं वाटतं.

पिशवीत असतं काय

लोखंडाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा फार जास्त. एकदा पेटलं की ते ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि त्यातून एवढी उष्णता निघते की मोकळं झालेलं लोखंड वितळूनच बाहेर पडतं. तापमान 2400 अंशांच्या पुढे जातं. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड हलकं, ते स्लॅग होऊन वर तरंगतं. पोलाद जड, ते खाली बसतं. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1895 साली याचं पेटंट घेतलं आणि 1899 मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ या पद्धतीने जोडले गेले. शुद्ध लोखंड रुळासाठी फार मऊ पडेल, म्हणून पिशवीत मँगनीजसारखे मिश्रधातूही असतात, जोडाचं पोलाद रुळाच्या पोलादाच्या जातीचं व्हावं यासाठी.

या पिशवीला आम्ही पोर्शन म्हणतो. एक पिशवी, एक जोड. 52 किलोच्या रुळाची वेगळी, 60 किलोची वेगळी, रुळाच्या ग्रेडप्रमाणे वेगळी. ब्लॉकच्या (कामासाठी लाइनीवरच्या गाड्या थांबवून मिळालेल्या वेळेच्या) आदल्या दिवशी स्टोअरमध्येच पिशवीवरचं लेबल वाचा: सेक्शन, ग्रेड, फटीचं माप, बॅच, तारीख. पिशवी फाटलेली किंवा ओल लागलेली असेल तर ती बाजूला काढा. उन्हात वाळवून वापरू, असा विचारही नको. भुकटीत ओल असेल तर जोडात वाफेची छिद्रं राहतात आणि ती वरून दिसत नाहीत. अर्धी पिशवी काढून ठेवणं किंवा दोन पिशव्या मिसळणं हेही तितकंच वाईट.

साच्यांचंही तसंच. हल्ली तयार साचे तीन तुकड्यांत येतात: दोन बाजूंचे आणि एक तळाचा. वाहतुकीत त्यांना तडे जातात. प्रत्येक साचा उजेडात धरून बघावा, बोटाने वाजवून बघावा. तडकलेला साचा बद्द वाजतो.

ब्लॉक मिळाल्यावर

या कामाला सव्वा तासाच्या आसपास सलग ब्लॉक हवा. त्याहून कमी मिळत असेल तर त्या दिवशी फटीची, कापणीची तयारी करा, पण पोर्शन उघडू नका. आधी दोन्ही बाजूंनी संरक्षण: बॅनर झेंडे, नियमाप्रमाणे अंतर मोजून पटाके (चाकाखाली फुटून ड्रायव्हरला इशारा देणारे), शेजारच्या लाइनीवर नजर ठेवायला एक लुकआउट. ते झाल्याशिवाय रूळ स्लीपरला धरून ठेवणारी एकही क्लिप काढायची नाही.

मग जोडाच्या दोन्ही बाजूंच्या किमान पाच-पाच स्लीपरच्या क्लिपा सैल करा, म्हणजे रूळ हवा तसा वर-खाली, डावा-उजवा सरकवता येतो. जोड दोन स्लीपरच्या मधोमध आला पाहिजे. तो स्लीपरवर बसत असेल तर स्लीपर सरकवा. तुकडा घालत असाल तर तो किमान 4 मीटरचा हवा; त्याहून जवळ दोन जोड नकोत.

रुळाची टोकं आणि फट

टोकं कटिंग मशीनने सरळ, काटकोनात कापलेली असावीत. चेपलेलं, वाकलेलं किंवा भोकाजवळ तडा गेलेलं टोक जोडात घेऊ नका, तेवढा भाग कापून टाका. कापल्यावर कडेला राहिलेले धारदार काठ ग्राइंडरने काढा. मग तारेचा ब्रश आणि रॉकेलची चिंधी. टोकापासून चार-सहा इंच मागेपर्यंत रूळ सगळीकडून पुसायचा: डोकं (वरचा, चाक फिरतं तो भाग), पोट आणि बुडाची (तळाच्या रुंद भागाची) खालची बाजूही. बुडाखाली हात घालून पुसायला कोणालाच आवडत नाही, खडी बोटांना टोचते. पण ग्रीस आणि गंज तिथेच साचतो, आणि जोड फुटायला लागतो तो बरेचदा बुडातूनच. मी माझ्या गँगमध्ये चिंधी उलटी करून बघायचो. काळी निघाली की पुन्हा.

आता फट. नेहमीच्या जोडाला ती 25 मिमी, एका मिमीच्या फरकाने. फट कमी असेल तर आतपर्यंत ज्योत पोचत नाही आणि रस (वितळलेलं पोलाद) फिरायला जागा मिळत नाही; जास्त असेल तर पोर्शनमधला धातू पुरत नाही. 50 आणि 75 मिमीच्या रुंद फटीचेही जोड असतात, पण त्यांचे पोर्शन आणि साचे वेगळे. 25 च्या पोर्शनने 30 ची फट भरायची नाही.

माप एकाच ठिकाणी घेऊ नका. डोक्याला दोन्ही बाजूंनी, पोटाला आणि बुडाला दोन्ही बाजूंनी घ्या. वर 25 आणि खाली 22 निघत असेल तर टोक तिरकं कापलं गेलंय.

नागपूरच्या उन्हाळ्यात इथे एक खास गोची होते. मोकळा पडलेला 260 मीटरचा पॅनेल 10 अंशांनी तापला तर सुमारे 30 मिमी वाढतो, म्हणजे आपल्या सगळ्या फटीपेक्षा जास्त. तो पूर्ण मोकळा नसतो, घर्षण त्याला बरंच धरून ठेवतं. तरी सकाळी आठला 25 मोजलेली फट अकराला 21 झालेली मी काटोलच्या बाजूला स्वतः मोजली आहे. म्हणून सकाळच्या मापावर विसंबू नका. साचा बसवण्याच्या अगदी आधी पुन्हा मोजा आणि रुळाचं तापमान वहीत लिहा. लांब वेल्डेड रुळात फट राखायला हायड्रॉलिक टेन्सर (रूळ ओढून धरणारं यंत्र) लावतात. तो लावला असेल तर जोड ओतल्यावर नीट घट्ट होईपर्यंत काढायचा नाही. पोलाद अर्धवट घट्ट असताना ओढ बसली की त्यात गरम फाटीचे तडे पडतात, केसासारखे.

सरळपट्टी

माझ्या मते पूर्ण कामातली सगळ्यात नाजूक पायरी ही. एक मीटरची पोलादी सरळपट्टी जोडावर मधोमध ठेवायची. बाजूने म्हणजे गेजच्या अंगाला (चाकाची कड असते त्या आतल्या बाजूला) दोन्ही रूळ एका रेषेत हवेत, फरक अर्ध्या मिमीच्या आत.

वरून मात्र सरळ ठेवायचे नाहीत. जोडाची टोकं किंचित उचललेली हवीत. 90 यूटीएसच्या (यूटीएस म्हणजे पोलादाची ओढ सोसण्याची ताकद) रुळाला पट्टीच्या टोकाशी 2 ते 2.4 मिमी फट दिसेल एवढी, जुन्या 72 यूटीएसच्या रुळाला 3 ते 4 मिमी. याचं कारण असं: रुळाचं डोकं जाड असतं, बूड पातळ. बूड आधी थंड होतं, डोकं नंतर, आणि डोकं आखडताना जोडाला खाली ओढतं. आधी उचललेलं नसेल तर थंड झाल्यावर जोड खोलगट होतो. उंच राहिलेला जोड घासून काढता येतो. खोल गेलेल्या जोडाला कोणताच उपाय नाही, कापावाच लागतो.

दोन्ही रूळ सारखे कललेले आहेत का तेही बघा. आपल्या काँक्रीट स्लीपरवर रूळ आतल्या बाजूला 20 ला 1 या प्रमाणात कललेला बसतो. क्लिपा काढल्यावर एखादा रूळ उभा होऊन बसतो. मग डोकं जुळतं पण बूड जुळत नाही. पाचरी दोन्हीकडे सारख्या ठोका, आणि एकदा जुळलं की तिथे पाय ठेवू देऊ नका. पाचरीवर पाय पडून बिघडलेले जोड मी मोजले नाहीत, पण ते कमी नाहीत.

साचा

आधी तळाचा, मग बाजूचे दोन. बसण्याआधी साचा रुळावर हलकासा घासून त्याची बैठक करून घ्यायची. साच्याची मधली रेघ फटीच्या बरोबर मध्यावर हवी. क्लॅम्प कसताना फार जोर नको, साचा तडकतो. मग साचा आणि रूळ यांच्यामधल्या सगळ्या सांध्यांना ल्यूटिंग, म्हणजे ओलसर रेती-मातीचा लगदा, बोटाने दाबून भरायचा. हे करताना साच्याचं तोंड पत्र्याने झाका. आत पडलेला चिमूटभर लगदाही जोडात अडकून राहतो. लगदा लाडवासारखा वळला पाहिजे आणि बोटाला पाणी लागता कामा नये. स्लॅगची वाटी बाजूला अडकवा. तीही कोरडीच हवी.

क्रुसिबल, म्हणजे ज्यात पोर्शन पेटवायचा ती मूस, आता एका जोडापुरतं, वापरून टाकायचं असं येतं. त्याच्या तळाला धातू तयार झाल्यावर आपोआप वितळून वाट करून देणारं थिंबल असतं. पूर्वी मॅग्नेसाइटचं अस्तर असलेलं क्रुसिबल वेल्डर पिन मारून उघडायचा आणि वेळ त्याच्या अंदाजावर असायची. आताची पद्धत जास्त भरवशाची. पोर्शन ओतण्याआधी पिशवी चार-पाच वेळा उलटीसुलटी करून घ्या, कारण वाहतुकीत जड कण तळाशी बसतात. ओतल्यावर वर शंकूसारखा ढीग ठेवा.

तापवणी

साच्याच्या वर टॉर्च (ज्योतीचा बर्नर) मधोमध धरून रुळाची टोकं सुमारे 600 अंशांपर्यंत तापवायची. हवा-पेट्रोलच्या हातपंपाच्या टाकीला 10 ते 12 मिनिटं लागतात, कॉम्प्रेस्ड एअर-पेट्रोलला 4 ते साडेचार, ऑक्सी-एलपीजीला 2 ते अडीच. पोर्शनसोबत आलेल्या सूचनेत जी वेळ असेल तीच धरा, आणि घड्याळ वेल्डरच्या हाती न देता दुसऱ्या माणसाच्या हाती द्या.

तापवणी दोन गोष्टींसाठी. साचा आणि रूळ यांतली ओल उडून जावी, आणि थंड रुळाला लागताच रस गोठू नये. रस येतो तेव्हा त्याने रुळाची टोकं थोडी वितळवून स्वतःत घेतली पाहिजेत. तरच तो जोड. नाहीतर दोन रुळांच्या मध्ये पोलादाचा गोळा अडकवल्यासारखं होतं.

रात्री साच्यात डोकावलं की टोकं काळपट लाल झालेली दिसतात. दुपारच्या उन्हात तो रंग दिसतच नाही. माझ्याबरोबर काम करणारे एक जुने वेल्डर मामा डोक्यावरचा दुपट्टा साच्याच्या अंगाला आडवा धरून सावली करायचे, गॉगल वर करून दोन क्षण बघायचे आणि म्हणायचे, "थांबा ना साहेब, अजून काळी दिसून राहिली पटरी." आज तापमानाचे खडू मिळतात, ठरलेल्या तापमानाला रुळावरची खूण वितळते. ते वापरा. पण सावली करून बघायची सवयही ठेवा. ज्योत एका बाजूला झुकत असेल तर ती डोळ्यालाच कळते. एक टोक लाल आणि एक काळं म्हणजे टॉर्च मधोमध नाही.

इथे मला एक चूक सांगितली पाहिजे. एका हिवाळ्यात रात्रीचा ब्लॉक उशिरा मिळाला, मागे गाड्या खोळंबलेल्या, फोनवर फोन. तापवणी पूर्ण व्हायला मिनिटभर होतं आणि मी टॉर्च काढायला सांगितलं. मामा माझ्याकडे बघत राहिले, पण मी साहेब होतो. जोड वरून सुंदर दिसला. नंतरच्या तपासणीत बुडाच्या एका बाजूला धातू रुळाशी एकजीव झालेलाच नाही असं निघालं. तो जोड कापला, मध्ये तुकडा घातला आणि एका जोडाच्या जागी दोन जोड केले. दोन नवे ब्लॉक गेले. त्या बुडात तडा गेला असता आणि तपासणीत निसटला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करतो. तापवणीच्या वेळेतून मिनिट काढू नका. ब्लॉक कमी पडत असेल तर काम थांबवा आणि तसं लिहून द्या.

वीस सेकंद

टॉर्च काढला की साच्याच्या तोंडावरचा प्लग बसवा, क्रुसिबल बरोबर मध्यावर आणा, फुलबाजीसारखी काडी पेटवून ढिगात खोचा, झाकण ठेवा आणि मागे व्हा. टॉर्च निघाल्यापासून काडी लावेपर्यंत उशीर झाला तर रूळ थंड होतो, म्हणून काडी आधीच हातात तयार हवी.

फसफसून उकळी येते, पांढरा लख्ख उजेड पडतो, आवाज हळूहळू शांत होतो. साधारण 20 सेकंदांत, तीनेक सेकंद इकडे-तिकडे, थिंबल वितळून रस साच्यात उतरतो. त्या शांत होण्याच्या क्षणात स्लॅग वर यायला वेळ मिळतो. रस फारच लवकर उतरला तर स्लॅग जोडात गेला असं समजा. फार उशिरा उतरला तर रस थंड झाला. दोन्ही वेळी वही उघडून वेळ लिहा आणि तो जोड संशयित धरा.

साच्यातून रस गळायला लागला तर त्याच्या जवळ जाऊ नका, ओली माती थापू नका. गळलेल्या जोडावर दुसरा पोर्शन ओतून भर घालायची नाही. तो जोड गेला. कापून पुन्हा करायचा.

पाण्याबद्दल, खास पावसाळ्यासाठी

आपल्याकडची काळी माती जूनच्या दोन पावसांत चिखल होते आणि लाइनीच्या कडेला पाणी साचून राहतं. वितळलेलं पोलाद किंवा गरम स्लॅग पाण्यात पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू चहूकडे उडतो. म्हणून स्लॅगची वाटी रिकामी करायला आधीच कोरडी जागा करून ठेवा. पेटलेल्या थर्मिटवर पाणी मारणं तर सगळ्यात घातक. कोरडी रेती जवळ ठेवा. पाऊस सुरू झाला तर जोड करू नका. तापवणी सुरू असताना सर आली आणि साच्यावर थेंब पडले, तर तो साचा काढून टाका. आणि ओतलेल्या जोडावर लवकर थंड व्हावा म्हणून पाणी कधीच टाकू नका. पोलाद काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं.

गडद काचेचा गॉगल, चामड्याचे हातमोजे, ॲप्रन, बूट. नायलॉनचा शर्ट घालून कोणी आलं तर त्याला लुकआउटला पाठवा. मे महिन्यात कडेचं वाळलेलं गवत आधी साफ करा, ठिणग्या चार-पाच मीटर सहज जातात.

तोडणी आणि घासणी

रस ओतल्यावर 4 ते 6 मिनिटं काहीही करायचं नाही. कोणी चालायचं नाही, पाचर हलवायची नाही. मग साच्याचा वरचा भाग काढून हायड्रॉलिक ट्रिमरने डोक्यावरचा जास्तीचा धातू कापून घ्यायचा. लवकर कापला तर धातू ओढला जाऊन डोक्यात फाट पडते, उशीर केला तर ट्रिमर कापत नाही. घासणीसाठी थोडा धातू वर राहू द्या. बाजूचे रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेले धातूचे खुंट) गार झाल्यावर तोडा, लाल असताना नाही.

ओतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत जोडावरून गाडी सोडायची नाही. या वेळात क्लिपा बसवा, शेजारच्या स्लीपरखालची खडी नीट भरून ठोका. जोडाखालचा स्लीपर पोकळ राहिला तर चांगला जोडही महिन्याभरात खाली बसतो. डोक्याला पहिली घासणी गरम असताना, शेवटची गार झाल्यावर. गरम असताना पूर्ण घासलेला जोड गार झाल्यावर खाली जातो, हे प्रत्येक नवा ग्राइंडरवाला एकदा तरी अनुभवतो.

मग पुन्हा तीच सरळपट्टी. एक मीटरवर उंची 1 मिमीपर्यंत वर चालते, खाली अजिबात नाही. बाजूने अर्धा मिमी इकडे किंवा तिकडे. 10 सेंटिमीटरच्या छोट्या पट्टीवर डोक्याची वरची बाजू 0.4 मिमीपर्यंत वर, खाली शून्य. गेजच्या बाजूला 0.3 मिमी. मी या मोजमापाला दोन माणसं ठेवायचो, एक मोजणारा आणि एक लिहिणारा, आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) स्वतः घालून बघायचो. बोट फिरवूनही कळतं. नीट घासलेल्या जोडावर डोळे मिटून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते सापडत नाही.

नोंद आणि तपासणी

जोडाला नंबर, महिना-वर्ष आणि वेल्डरचा कोड द्या. रजिस्टरमध्ये त्याच नंबराखाली पोर्शनची बॅच, रुळाचं तापमान, फटीची मापं, तापवणीची मिनिटं, रस उतरायला लागलेली सेकंदं आणि शेवटची मापं लिहा. ही माहिती घरी जाऊन आठवून भरलेली असेल तर ती निरुपयोगी आहे. आकडे जागेवरच, ग्रीसचे डाग पडले तरी चालतील, पण तिथेच.

अल्ट्रासॉनिक तपासणी होईपर्यंत जोडाला जॉगल्ड फिशप्लेट क्लॅम्पने बांधून ठेवतात; त्यांना मध्ये फुगवटा असतो, त्यात जोडाची कड बसते. तपासणीत निरनिराळ्या कोनांचे प्रोब डोक्यावरून आणि बुडाच्या कडांवरून फिरवतात, कारण एका कोनातून न दिसणारी फट दुसऱ्या कोनातून दिसते. बुडाच्या तपासणीला तपासनीस वेळ देतो आहे का, हे उभं राहून बघा. पास झाल्यावर कडेवर आणि बुडावर गंजरोधक रंग लावा.

जोड झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात थंडीची गस्त सुरू होते, तेव्हा या वर्षीच्या नव्या जोडांच्या नंबरांची यादी गस्तवाल्यांच्या हाती द्या. माझ्या गँगमध्ये ती यादी कार्डावर चिकटवून कंदिलाला टांगलेली असायची. पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी, रूळ सगळ्यात गार असतो तेव्हा, गस्तवाला प्रत्येक नंबरापाशी वाकायचा, टॉर्चचा उजेड बुडाच्या दोन्ही कडांवर फिरवायचा आणि कार्डावर त्या नंबरासमोर वेळ लिहायचा.